टेक्स्ट आणि टेक्स्टाइल

शब्दांची लॅटिन मुळं सांगणारा तुमचा लेख वाचला. त्यातला खेळ, म्हणजे शब्द घ्यायचा आणि त्याचं लॅटिन मूळ ओळखायचं, आम्ही सोलापुरात रात्री जेवणं झाल्यावर खेळतो. फक्त आम्ही घरातल्या मराठीपासून सुरुवात करतो. पाव, चावी, घमेलं हे सगळे शब्द पोर्तुगीजमार्फत आले आणि त्यांची मुळं लॅटिनमध्ये आहेत. पण माझा सगळ्यांत आवडता शब्द 'पगार'. लॅटिन 'पाकारे' म्हणजे शांत करणं, त्याच्या मुळाशी 'पाक्स', म्हणजे शांतता. देणेकऱ्याने पैसे चुकते करून समोरच्याला शांत करायचं! माझे आजोबा मिलमध्ये होते. पगाराच्या दिवशी घर कसं शांत असायचं हे आजीकडून ऐकलंय, त्यामुळे हा अर्थ मला लगेच पटला.

लेखात रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळे असं म्हटलंय. 'सॅलरी' आणि मीठ यांचं नातं खरं आहे, पण सैनिकांना प्रत्यक्ष मीठ वाटत असल्याचा ठोस पुरावा नाही. ते दुरुस्त करावं.

मुलं एका ठिकाणी हमखास फसतात. सप्टेंबरमधला लॅटिन 'सेप्टेम' (सात) आणि आपला 'सप्त' सारखे दिसले की कुणीतरी कुणाकडून घेतला असं वाटतं. तसं नाही, दोघं चुलत भाऊ, एकाच जुन्या मूळ भाषेतून आलेले. आमच्या सोलापूरची 'चादर' मात्र लॅटिन नाही, फारसी.

परवा धाकटीने 'टेक्स्टाइल' ओळखला: 'टेक्सेरे', विणणे. 'टेक्स्ट'ही त्यातलाच. शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, मागाच्या खडखडाटात राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीला ती दुसऱ्याच दिवशी हे सांगून आली.