कच्छ हिरवं झालं, पण कशानं?

पुण्यात तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्यांपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच पोस्ट फिरतेय. कच्छमधल्या बन्नीचे उपग्रहातून घेतलेले दोन फोटो, आधी तपकिरी, आता हिरवं. खाली मजकूर: ‘झाडं लावून वाळवंट हटवलं, गुरांची सोय झाली, खारेपणा थांबला.’

‘वाळवंट हटवलं’: बन्नी वाळवंट नव्हतंच. कच्छच्या रणाच्या कडेचं सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचं ते गवताळ रान. पाऊस लहरी, जमीन खारट, तरी दोन सरी पडल्या की गवत उठायचं, त्यात आपल्याकडचं मारवेलसुद्धा. मे महिन्यात ते वाळून तपकिरी दिसणारच. फोटो कुठल्या महिन्यातले, हे पोस्टकर्त्याने लिहिलेलंच नाही.

हिरवळ वाढली, हे मात्र खरं. पण उपग्रह पानांवरून परतणारा लाल आणि अवरक्त प्रकाश मोजतो. त्या आकड्याला गवत काय नि काटेरी झुडूप काय, सारखंच. बन्नीत पसरलीय ती वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली. रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६०च्या दशकात ती मुद्दाम लावली. मुळं खोल जातात, म्हणून भर उन्हाळ्यातही हिरवीगार.

‘गुरांची सोय’: शेंगा गोड, गुरं आवडीने खातात. बी पचत नाही, शेणातून पडतं आणि तिथेच रुजतं. म्हणजे पेरणीही गुरांकडूनच! पाल्याला ती सहसा तोंड लावत नाहीत. शेंगा फार झाल्या की गाई आजारी पडतात, म्हशी त्यामानाने तग धरतात. मालधाऱ्यांकडे, म्हणजे तिथल्या गुरं पाळणाऱ्यांकडे, गाई घटून म्हशी वाढल्या, त्याचं हेही एक कारण. आणि या झुडपांच्या गचपणात गवत टिकत नाही. आपल्या टेकड्यांवर गिरिपुष्पाच्या झाडांखाली गवत दिसतंय का, वाकून बघा, कच्छला जायची गरज नाही.

‘खारेपणा थांबला’: मीठ धुऊन न्यायचं ते दक्षिणेकडून येणाऱ्या पावसाळी नद्यांचं गोडं पाणी. त्या नद्या वरच्या अंगाला धरणांनी अडवल्या, म्हणजे मीठ धुणारं पाणीच घटलं. बाभळीला श्रेय देताना पोस्टमध्ये धरणांचा उल्लेखही नाही.

राहिले ‘मग तोडून टाका’ म्हणणारे. नुसती तोडली तर बुंध्यातून पुन्हा झुडूप फुटतं, मुळासकट उपटावी लागते. शिवाय तिचाच कोळसा पाडून, तो विकून पोट भरणारी घरं बन्नीत आहेत, त्यांना आधी विचारावं लागेल.