फेऱ्यांसोबत उठबसही हवी

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा कृषीनगरला सकाळी जा. साठी-सत्तरीतली कितीतरी मंडळी नेमानं चालताना दिसतील. थंडी असो, भुरभुर पाऊस असो, खाडा नाही. हा नेम खरंच मोठा आहे आणि तो मोडू नये. पण किती फेऱ्या झाल्या हे ज्याला तोंडपाठ असतं, त्याला हात न टेकता खुर्चीतून सलग किती वेळा उठता येतं हे विचारलं तर उत्तर येत नाही. कारण तसं कधी करूनच पाहिलेलं नसतं.

माझं ठाम मत आहे की साठीनंतर नुसतं चालणं पुरत नाही. चालण्यानं हृदयाला, साखरेला, झोपेला आणि मनाला फायदा होतो, यात वाद नाही. पण सपाट ट्रॅकवर मांडीच्या स्नायूंवर फारसा भारच पडत नाही. वयानुसार स्नायू झडतात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही एक दिवस खालच्या सोफ्यातून उठताना हात द्यावा लागतो. माणूस परावलंबी होतो तो बहुतेक वेळा अशा साध्या हालचालींत: कमोडवरून उठणं, बसची पायरी चढणं, रात्री अंधारात बाथरूमला जाणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल सांगितली आहे. आपण तिथेच वाचायचं थांबतो. पुढे आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल सांभाळायचा सराव, हेही त्यात लिहिलेलं आहे.

आधी स्वतःची परीक्षा घ्या. बिनचाकांची, बिनहातांची, साधारण १७ इंच उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते, म्हणून भिंत हवीच. हात छातीवर फुलीसारखे ठेवून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. शेजारी घरातलं कुणीतरी उभं राहू द्या. ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ आणि बायकांना ११ पेक्षा कमी जमलं, ७५ ते ७९ वयात ११ आणि १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त धरतात. आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. सराव केला की तो सुधारतो, सत्तरीनंतरही.

आता सराव. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसा. पावलं खांद्याइतकी लांब नकोत, कमरेइतक्या अंतरावर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुका. नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की श्वास सोडत उठा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. ते न झुकता सरळ वर उठायला बघतात, वजन मागेच राहतं आणि मग हात टेकावे लागतात. दुसरी चूक श्वास रोखून धरण्याची. त्यानं रक्तदाब एकदम चढतो. तिसरी, उठताना गुडघे आत वळतात. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसताना धपकन बसू नका. मनात एक, दोन, तीन म्हणत सावकाश टेका. जिना उतरताना मांडी हेच काम करते, शरीराचं वजन धरून हळूहळू खाली सोडायचं. धपकन बसलात तर व्यायामाचा निम्मा भाग वायाच गेला, शिवाय मणके ठिसूळ झालेले असतील तर त्यांना हादरा बसतो तो वेगळाच.

८ ते १० वेळा उठबस, मग एक मिनिट विश्रांती, असं दोनदा. जमायला लागलं की तीनदा. एक दिवसाआड करा, कारण स्नायू भरून येतात ते विश्रांतीच्या दिवशी. सुरुवातीला जमतच नसेल तर बैठकीवर चौपदरी चादर घालून उंची वाढवा, आठवड्या-दोन आठवड्यांनी एकेक घडी कमी करा. मांडी एखादा-दुसरा दिवस भरून आल्यासारखी वाटणं ठीक आहे. सांधा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल किंवा सुजला असेल तर आकडा निम्म्यावर आणा.

ओट्याशी करायचे दोन सोपे व्यायाम. ओटा धरून दोन्ही टाचा उचला, चवड्यांवर या, तीन मोजत खाली. १० ते १५ वेळा. पाऊल पुढे ढकलायचं काम पोटरी करते, ती दमली की पावलं आखूड पडतात. मग टाचांवर भार देऊन चवडे वर उचला. चवडा उचलणारा नडगीचा स्नायू अशक्त झाला की पाय घासत चालायची सवय लागते, आणि पेव्हर ब्लॉकची अर्धा इंच वर आलेली कडा पायात अडकते. आपल्या फुटपाथांवर अशा कडांना तोटा नाही.

तोलासाठी एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून, एका रेषेत उभं राहा. भिंतींच्या कोपऱ्याकडे पाठ, समोर खुर्चीची पाठ हाताशी. १० सेकंद टिकता येत नसेल तर रोज याचाच सराव करा. टिकायला लागलं की एका पायावर उभं राहून पाहा. फरशीच्या रेषेवर टाचेला बोट लावत चालणं हाही उत्तम सराव, पण भिंतीच्या कडेनं. डोळे मिटून एकट्यानं काहीही करू नका, आणि पेटलेल्या गॅसजवळ एका पायावर उभं राहू नका.

आता चालण्याविषयी. हात पाठीमागे बांधून चालायची आपल्याकडच्या ज्येष्ठांची सवय मला फार काळजीची वाटते. हात हलत नाहीत, मग कंबर आणि खांदे आखडतात, मान पुढे येते, पावलं लहान होतात. आणि ठेच लागली तर सावरायला हात वेळेत पुढे येत नाहीत, थेट तोंडावर पडणं होतं. थंडीत स्वेटरच्या खिशात घातलेल्या हातांचंही तेच. कोपर हलकं वाकवून हात मोकळे हलू द्या. पिशवी असेल तर पाठीवर घ्या.

वेग मोजायला घड्याळ लागत नाही. सोबत्याशी बोलता येतंय पण अभंग म्हणता येणार नाही, इतका दम लागला की तो मध्यम वेग. घोळक्यात गप्पा मारत चालताना वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा होतो. गप्पा जरूर मारा, माणसांची सोबत हेही औषधच आहे. पण मधली १५-२० मिनिटं आपापल्या वेगानं चाला आणि नंतर बाकावर भेटा. पहिली आणि शेवटची ५ मिनिटं हळू. अंगात बळ असलेल्यांसाठी जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातली पद्धत चांगली आहे: ३ मिनिटं जलद, ३ मिनिटं सावकाश, असे ५ फेर, आठवड्यातून ४ दिवस. नव्यानं सुरू करणाऱ्यांनी १० मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवावीत.

मोबाइलवरच्या १०,००० पावलांच्या आकड्यापायी कुणी गुडघे दुखवून घेऊ नयेत. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० पावलांवाल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसला, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फरक पडला नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी लांब चालणं टाळावं. साखर घसरली की घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात तीन चमचे साखरेची पुडी असू द्या. बिस्किटापेक्षा ती लवकर चढते. जेवणानंतर १०-१५ मिनिटं सावकाश चालणं साखरेसाठी फार गुणाचं आहे. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर दवातल्या गवतावर अनवाणी चालू नका. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. पहाटे पाचला अंधारात बाहेर पडण्याचा आग्रह सोडा. साडेसात-आठला कोवळ्या उन्हात निघा, कानटोपी घाला, घरातच पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाकून अंग गरम करा. पावसाळ्यात गोदाघाटाच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा तिकडे फिरकू नका. सोसायटीचं पार्किंग बरं. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी यावं. वयानुसार तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता निघण्याआधी पेलाभर पाणी प्या.

छातीत दाटल्यासारखं वाटलं, जबडा किंवा हात दुखायला लागला, भोवळ आली, तर फेरी पूर्ण करायचा हट्ट नको. तिथेच बसा आणि मदत मागा. आणखी एक लक्षण आहे, जे लोक वयावर ढकलतात: दर वेळी साधारण तेवढंच अंतर चाललं की पोटरीत कळ येते आणि दोन मिनिटं थांबलं की जाते. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा, टाचेची बाजू कडक, तळ फक्त चवड्याशी वाकणारा. चप्पल घालून वेगानं चालू नका, ती धरून ठेवायला बोटं आखडतात.

पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा उत्साह अनेकांना असतो, आणि महिना-दोन महिने उठबस केलेल्या माणसाला ते जमतंही. पण गुडघ्यांचा कस लागतो उतरताना. एखादा गुडघा दुखरा असेल तर चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बूट घालून हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाची वळी जिथे येते, तिथपर्यंत काठीची मूठ यायला हवी. टोकाचं रबर गुळगुळीत झालं असेल तर निघण्याआधी बदलून घ्या.