'मले-तुले' बोलणाऱ्यांची जीभ जड नसते

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, विदर्भातल्या मुलांनी पुण्यात यायच्या आधी भाषेत काय काय सुधारावं याची यादी. असलं काही मी वाचत बसत नाही, पण हा टाकला होता आमच्या भाचीनं, वर तीन हसणाऱ्या स्मायल्या, आणि पोट्टी स्वतः विदर्भातल्या दर्यापूरची! मग डोकं फिरलंच.

पहिला शोध असा की शुद्ध मराठी पुण्याची आणि वऱ्हाडी म्हणजे तिचं बिघडलेलं रूप. बरं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून जो शाळेत शिकवतात तो 'लीळाचरित्र', तो म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिला ऋद्धपुरात. ऋद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे, आता मराठी भाषा विद्यापीठही तिथंच काढलंय. त्यातली भाषा म्हणजे आजची वऱ्हाडी असं मी म्हणत नाही, पण मूळ कुठलं आणि बिघडलेलं कुठलं हे ठरवायच्या आधी निदान नकाशा तरी बघावा ना.

आता सगळ्यात भारी मुद्दा, 'यांना ळ येत नाही, जीभ जड असते.' म्हणजे आम्ही डोळ्याला डोया म्हणतो, केळ्याला केयं म्हणतो, म्हणून आमच्या जिभेत दोष! मुंबईचे मूळ रहिवासी आगरी-कोळी डोळ्याला डोला म्हणतात, त्यांचीही जीभ जड का? आणि हे लिहिणाऱ्या साहेबांनी जरा 'विशेष' हा शब्द मोठ्यानं म्हणून बघावा. लिहिताना श वेगळा, ष वेगळा, बोलताना दोन्ही एकच, अख्ख्या महाराष्ट्रात. 'ऋषी'चा तर सरळ रुशी होतो. तिथं कुणी म्हणत नाही की पुणेकराला ष येत नाही, डॉक्टरला दाखवा. तुमचा गेला तो उच्चार आणि आमचा गेला तो दोष, असं आहे हे.

'करून राह्यलो' हे हिंदीवरून आलंय, हा मुद्दा मात्र काही अंशी खरा वाटतो, 'कर रहा हूँ' सारखंच दिसतं ते, नाही म्हणून उपयोग नाही. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं बावा, शेजारी हिंदी असणारच. पण पगार, चावी, बटाटा पोर्तुगीजांकडून घेतले आणि 'फक्त' फारसीतून आला तेव्हा भाषा श्रीमंत झाली, आणि आम्ही शेजाऱ्याकडून घेतलं की बिघडली?

पुढचा मुद्दा, 'हे बोलताना बे म्हणतात, उद्धट वाटतं.' हो, नागपुरात म्हणतात, मित्रामित्रांत. त्याच तोंडानं मोठ्यांना 'हव जी', 'काय जी' पण म्हणतात, ते या फॉरवर्डवाल्याच्या कानावर पडलेलं दिसत नाही. आणि नागपूर म्हणजे अख्खा विदर्भ नाही, आमच्या अकोला-अमरावतीकडे नागपूरच्या हिंदी मिश्रणाला हसतात आणि भंडारा-गोंदियाची झाडीबोली आणखी वेगळीच. बाहेरच्याला सगळं एकच वाटतं, जाऊ द्या.

शेवटचा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'इंटरव्ह्यूच्या आधी ही भाषा विसरा, घरच्यांशीही प्रमाण मराठीतच बोला.' इंटरव्ह्यूत प्रमाण बोला ना, आम्ही सगळेच बोलतो, हा लेखही बहुतेक तसाच लिहिलाय. घरी कशाला? भाची पुण्याच्या होस्टेलला गेल्यापासून हेच करते. मागच्या रविवारी तिचा फोन आला, आजीनं विचारलं, "जेवली काय वं माय?" तिकडून उत्तर, "हो आजी, जेवले मी, तुम्ही कशा आहात?" म्हातारीला आयुष्यात नातीनं 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिनं फोन कानापासून दूर धरला न् मला विचारते, "कोन होय रे थे?"

फॉरवर्डखाली मी यातलं काहीच लिहिलं नाही. तिला एवढंच टाकलं, "दिवाईले कवा येऊन राह्यली?" निळ्या टिका दिसून राह्यल्या, उत्तर नाही अजून.