तिसऱ्या मजल्यावरची भरती

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि कोथरूडमधले आमचे बिऱ्हाड त्याहून आणखी तीन मजले वर आहे. इतक्या उंचीवर समुद्र आपण होऊन येणार नाही, हे ओळखून गेल्या चैत्रात मी तो घरीच तयार करायला घेतला. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच अशी काचेची टाकी आली, दगड आले, वाळू आली आणि लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशोबाने बादलीभर मीठ आले. चैत्रात एवढे मीठ घरात शिरलेले पाहून आईने अत्यंत स्वाभाविकपणे विचारले, "आणि कैऱ्या कुठे आहेत?"

टाकीत मासे दोनच असणार होते. खरा मान प्रवाळांचा होता. प्रवाळही मऊ जातीचे, कारण रीफ, म्हणजे समुद्रातले प्रवाळांचे खडक, बांधणाऱ्या दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला, बसवले आहे. आणि ज्याने तीस वर्षे सहकारी बँकेत लेखापरीक्षण केले, त्याने निवृत्तीनंतर दिवाणखान्यात वाघ पाळणे शोभत नाही.

प्रवाळ हा प्राणी असला तरी तो जागचा हलत नाही. त्याचे जेवण त्याच्यापर्यंत चालत यावे लागते, त्याचे खरकटे दुसऱ्या कोणीतरी उचलावे लागते आणि एवढे सगळे करूनही तो कधी फुलेल आणि कधी मिटून बसेल याचा भरवसा नसतो. या वर्णनात बसणारे दोन सदस्य आमच्या घरात आधीपासून असल्यामुळे मला ही जीवनपद्धती समजायला वेळ लागला नाही. मात्र त्यांच्या बाबतीत जे काम पत्नी करते, ते प्रवाळांच्या बाबतीत पाण्याला करावे लागते. प्रवाळाच्या अंगालगत स्थिर पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो. प्रवाहाने तो सतत खरवडला गेला नाही, तर बाहेरचा प्राणवायू आत आणि आतली घाण बाहेर यांची देवाणघेवाण रखडते. म्हणून टाकीत पाणी खेळवणारे पंप लागतात, आणि ते निवडावे लागतात.

निवड म्हटल्यावर मी वही उघडली. मला एक आकडा हवा होता. टाकीतले पाणी, दगड आणि वाळू वजा जाता, २५० लिटर भरत होते. जाणकारांचे म्हणणे असे की तासाभरात पंपांनी मिळून टाकीच्या दहा ते वीस पट पाणी हलवले की मऊ प्रवाळांचे भागते. कोणी तीस पट सांगत होते. दगडी प्रवाळांसाठी चाळीस पट आणि त्याच्याही पुढे जाणारे लोक होते. म्हणजे माझी गरज तासाला २,५०० लिटरपासून ७,५०० लिटरपर्यंत कुठेही असू शकत होती. एवढी तफावत एखाद्या शाखेच्या ताळेबंदात आढळली असती, तर मी त्या शाखाधिकाऱ्याला चहासुद्धा घेऊ दिला नसता.

त्यातून काही पंपांवर लिटरऐवजी गॅलन छापलेले होते. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो, आणि खोक्यावरचा गॅलन यांपैकी कोणत्या देशाचा नागरिक आहे हे खोके सांगत नाही. सम्पमधून, म्हणजे मुख्य टाकीखालच्या दुसऱ्या टाकीतून, पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पंपाची तर कथाच वेगळी आहे. त्याच्यावर तासाला ३,००० लिटर असे छापलेले असते ते शून्य उंचीला. दीड मीटर चढ आणि पाइपाची दोन वळणे आली की त्याचा दम निघतो. हा आकडा स्कूटरच्या जाहिरातीतल्या मायलेजच्या जातीचा आहे, असा शेरा मी वहीत मारला आणि टाकीतल्या प्रवाहाच्या हिशोबातून रिटर्न पंपाला वगळले.

परंतु आकड्यांपेक्षा मोठा धक्का पुढेच होता. पटीवरून एकमेकांशी भांडणारे सगळे जाणकार एका मुद्द्यावर मात्र एकमुखाने बोलत होते: प्रवाह एकाच दिशेने, एकाच जोराने, सरळ रेषेत वाहता कामा नये. समुद्रातल्या खडकावर लाट कधी समोरून येते, कधी बाजूने येते, मध्येच परत फिरते, आणि प्रवाळांना तेच मानवते. थोडक्यात, पाणी बेशिस्त हवे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बेशिस्त हुडकून तिच्याखाली लाल रेघ ओढली, त्याच्यावर ती स्वतःच्या पैशाने विकत आणण्याची वेळ आली होती.

एवढ्यात पिंपरीहून मेहुणे आले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांच्या माळ्यावर एक कूलरचा पंप पडून असल्याचे जाहीर केले. आमच्या मेहुण्यांच्या माळ्यावर जगातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पडून असते. खाऱ्या पाण्यात लोखंडाचा एखादा स्क्रू गेला तरी तो गंजून पाण्याचा नाश करतो, हे त्यांना समजावण्यात एक रविवार गेला, आणि पुढच्या रविवारी ते तोच पंप पुसून घेऊन आले.

शेवटी मी दुकान गाठले. दुकानाच्या दर्शनी टाकीवर पाटी होती: 'काचेवर टकटक करू नये. मासे दार उघडत नाहीत.' मी वही उघडून माझी प्रस्तावना सुरू करताच मालकांनी विचारले, "टाकी किती लिटरची?"

"निव्वळ २५० लिटरची. परंतु दगडांची रचना पाहता..."

"मग दोन पंप घ्या."

"कोणते घ्यावेत?"

"चांगले घ्या," असे म्हणून ते माशांकडे वळले.

माझा चेहरा पाहून त्यांना कदाचित दया आली असावी, कारण थोड्या वेळाने त्यांनी दोन पंप पाण्यात सोडून दाखवले, आणि माझ्या वहीतल्या अकरा पानांनी जे शिकवले नव्हते ते मला दोन मिनिटांत दिसले. पॉवरहेड नावाचा जुन्या पद्धतीचा पंप बारीक तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो. पंख्याचा पंप तेवढेच लिटर रुंद, मऊ झोताने पुढे लोटतो. रंगपंचमीला तांब्याभर रंग कोणी अंगावर ओतला तर माणूस हसतो आणि तेवढाच रंग पिचकारीने डोळ्यांत मारला तर पोलीस चौकी गाठतो. लिटर मात्र दोन्हीकडे सारखेच असतात. जर्मनीच्या ट्युन्झे कंपनीने हे पंख्याचे पंप रुळवले, असे मालक म्हणाले. मॅक्सस्पेक्ट कंपनीच्या जायर पंपात पंख्याच्या जागी पोळपाटावरच्या लाटण्यासारखा आडवा दंडगोल असतो आणि तो पाण्याची चादर ओढल्यासारखी पसरवतो. माझे मन मात्र व्होर्टेकवर बसले. या अमेरिकन पंपात मोटर काचेच्या बाहेर, पंखा काचेच्या आत आणि दोघांमध्ये केवळ चुंबकाचे नाते असते. एकमेकांना स्पर्श न करता, मध्ये काच ठेवून, दोघांनी अहोरात्र एका लयीत फिरत राहावे, ही कल्पना मला फार भावली. पत्नीला किंमत भावली नाही.

एसी की डीसी, हा प्रश्न त्या मानाने लवकर सुटला. लहान एसी पंपाची मोटर सुरू होताना कोणत्या दिशेने फिरेल याचा नेम नसतो आणि म्हणून काहींमध्ये उलटे फिरणे अडवण्याची वेगळी सोय करावी लागते. सोसायटीच्या कार्यकारिणीत हा अनुभव घेतलेला असल्यामुळे घरात तो नको होता. शिवाय आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी जाते. पंप बंद पडले की कोमट खाऱ्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने कमी होतो, आणि डीसी पंप बॅटरीवर मंद गतीने चालू ठेवता येतो. तेव्हा तासाला प्रत्येकी कमाल ४,००० लिटरचे, २४ व्होल्टचे, कंट्रोलर असलेले दोन डीसी पंप घेतले. भागाकार बरोबर ३२ आला आणि मी वहीतले ते पान मिटले.

पहिल्या संध्याकाळी दोन्ही पंप पूर्ण जोराने सुरू केले. पाच मिनिटांत टाकीच्या डाव्या निम्म्या भागात तळाची काच उघडी पडली आणि उजवीकडे राजस्थान झाले. आमचे दोन क्लाउनफिश, विसर्जन मिरवणुकीच्या रात्री लक्ष्मी रस्त्याच्या बोळात अंग चोरून उभे राहणाऱ्या सज्जनांप्रमाणे, एका दगडाआड एकमेकांना चिकटून उभे राहिले. मी जोर निम्म्यावर आणला, पंप वरच्या बाजूला सरकवले आणि झोत समोरच्या काचेवर आपटून विखुरेल अशी तोंडे फिरवली. वाळू शांत झाली, परंतु आता छत्रीच्या आकाराचा लेदर प्रवाळ रुसला. त्याने सगळी बोटे आत ओढून घेतली आणि त्याचा चेहरा मेण फासल्यासारखा झाला. प्रवाह कमी पडला असे समजून मी पंप जवळ आणला. जास्त झाला असे समजून दूर नेला. आठवडाभरात एका पंपाच्या सात जागा झाल्या आणि प्रत्येक जागा तारखेनिशी वहीत नोंदली गेली. आठव्या दिवशी त्याच्या अंगावरून एक पातळ पापुद्रा सुटून पाण्यात वाहत गेला आणि त्याखालून तो टवटवीत बाहेर आला. लेदर प्रवाळ अधूनमधून अशी कात टाकतो आणि त्या वेळी तो मिटूनच बसतो. माझ्या सात जागांशी त्याचा कवडीचा संबंध नव्हता.

यशाने माणूस धीट होतो. कंट्रोलरवर 'वेव्ह' नावाचे एक बटण होते. पंप ठराविक अंतराने चालू-बंद करत गेले आणि ते अंतर टाकीच्या लांबीशी जुळले, तर झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिल्याप्रमाणे सगळे पाणी डोलू लागते. चार फुटांच्या टाकीत लाटेला जाऊन परत यायला साधारण सव्वा ते दीड सेकंद लागतो. मी तो सेकंदाच्या अंशापर्यंत जुळवला. पाणी एका टोकाला दोन बोटे चढू लागले, दुसऱ्या टोकाला उतरू लागले, प्रवाळ एका तालात झुलू लागले. आयुष्यात इतका नेमका हिशोब मी केला नव्हता. त्या समाधानात मी भाजी आणायला गेलो.

बेशिस्त विकत घेऊन तिला घरी आणून शिस्त लावली, ही माझी चूक होती. धक्के मिळत राहिले की झोपाळा आपोआप थांबत नाही. मी परतलो तेव्हा प्रत्येक लाट काठावरून हळुवारपणे, पण नियमित, बाहेर पडत होती; गॅलरीतल्या मोरीच्या पाइपातून ते पाणी खाली गेले होते; आणि दारात खालच्या मजल्यावरचे काका हातात आपला वाळलेला सदरा घेऊन उभे होते. सदऱ्यावर मिठाची पांढरी नक्षी उमटली होती. काकांचे बालपण नारायण पेठेतले आहे आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा ते सहा वर्षांचे होते. या विषयावर सोसायटीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो.

"पानशेतचे पाणी," ते अतिशय संथपणे म्हणाले, "निदान खालून वर आले होते. आणि गोडे होते."

मी क्षमा मागितली, सदरा धुऊन आणि इस्त्री करून दिला आणि 'वेव्ह' बटणावर चिकटपट्टी लावली. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "आपले कपड्यांचे मशीन कसे थोडा वेळ इकडे फिरते, थांबते, मग तिकडे फिरते, तसा पंप मिळत नाही का रे?" दोन पंप समोरासमोर लावून आलटूनपालटून चालवणे हा नेमका तोच उपाय होता, आणि तो माझ्या वहीच्या चौदाव्या पानावर तीन चांदण्या काढून, चुकीच्या शीर्षकाखाली लिहिलेला होता.

आता दोन्ही पंप टाकीच्या दोन टोकांना आहेत आणि कंट्रोलर 'रँडम' वर आहे. हा प्रकार खरोखरच रँडम आहे की त्यालाही काही क्रम आहे, हे तपासण्यासाठी मी रोज सकाळी अर्धा तास घड्याळ लावून नोंदी घेत असतो. दर दोन महिन्यांनी पंखे व्हिनेगरमध्ये भिजवून त्यांच्यावरचा चुना काढावा लागतो. त्या दिवशी घरात वास सुटला की आई पुन्हा कैऱ्यांची चौकशी करते. काका आता माझ्याशी बोलतात. सकाळी गॅलरीत दोरीवर कपडे टाकण्यापूर्वी ते वर पाहून हाक मारतात आणि विचारतात, "काय हो, आज भरती की ओहोटी?"

"रँडम आहे, काका," असे मी प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते कपडे आत घेऊन जातात.