श्वास नसलेला स्वर

अण्णांचा सवाल सरळ होता. "गिटार आन् बॅन्जो एवढं गोड वाजवतोय गडी, मग मागं ती मशीनची हवा कशाला सोडलीय? उघडंच ठेवायचं की गाणं!"

मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर बारक्यानं अमेरिकन गायक सुफ्यान स्टीव्हन्सचा 'कॅरी अँड लोवेल' लावला होता. २०१५ चा अल्बम. अण्णांचं 'मशीन' म्हणजे त्यातला सिंथेसायझर, विजेवर स्वर काढणारा कीबोर्ड. कॅरी म्हणजे त्याची आई, लोवेल सावत्र वडील. पोरगं वर्षाचं असताना आई घर सोडून गेली. मानसिक आजार, त्यात दारू. पुढं तिनं लोवेलशी लग्न केलं, तेव्हा बालपणीच्या काही उन्हाळी सुट्ट्या पोरांनी तिच्याकडं ऑरेगन राज्यातल्या युजीन गावात काढल्या. २०१२ मध्ये ती वारली आणि त्या दुःखातनं ही गाणी आली.

बारक्या मंडळांना साउंड लावतो, त्याचा कान निराळा. "अण्णा, ह्यात ड्रम न्हाईत, ध्यानात आलं का? २०१० च्या अल्बमात ह्याच गड्यानं इलेक्ट्रॉनिकचा नुसता धुरळा उडवलावता. हितं त्यानं मुद्दाम हात आखडलाय. थोडं तर हॉटेलच्या खोलीत आयफोनवर रेकॉर्ड केलंय."

"मग मशीन पुरतंच काढायचं!"

"पेटीलाबी असंच म्हणत हुते की. १९४० ते १९७१ रेडिओवर बंदी हुती तिला. पर त्याच्या आधीच आपल्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीवरच नाव काढलं हुतं न्हवं?"

अण्णा स्वतः पेटी वाजवतात. ते म्हणाले, "पेटीला भाता असतोय, लेका. हात चालला तर श्वास. तुझ्या मशीनला श्वास कुठला?"

हा मुद्दा खरा आहे, आणि माझ्या मते अल्बमचं सगळं मर्म त्यातच आहे. गिटारवर तो जे आठवतं ते सांगतो: आईनं व्हिडिओच्या दुकानात सोडून दिल्याचं, पोहायला शिकवणाऱ्या माणसाला त्याचं नाव नीट घेता येत नसल्याचं. एकेक तार सुटी ऐकू येते, आवाज जवळपास कुजबुजीचा. पण जिच्यासोबत मोजक्या सुट्ट्याच मिळाल्या, तिच्या आठवणी पुरणार किती? शब्द संपतात आणि सिंथेसायझरचा लांब स्वर पसरत जातो. शेवटच्या 'ब्लू बकेट ऑफ गोल्ड'मध्ये तर गाणारा निघून जातो, नुसता स्वर राहतो. तिथं गिटार वाजली असती तर गाणं पुरं झालं असतं. ते पुरं होऊच नये. मेलेल्या आईला हाक मारतोय तो, अण्णा. पलीकडनं श्वास नसलेलाच स्वर येणार.

अण्णा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेवटाचं पटलं. पण ते मधीच उजेड पडल्यागत कीबोर्ड येतोय, ते?"

'शुड हॅव नोन बेटर'बद्दल विचारत होते. त्यात निम्म्यावर चाल बदलते, कीबोर्ड येतो आणि भावाला मुलगी झाल्याचं गाण्यात येतं. तिथं मशीन मरणाचं नाही, नव्या जिवाचं आहे. म्हणजे माझंही म्हणणं सगळीकडं लागू पडत नाही, हे बारक्यानं लगेच धरलं.

"भांडू नका," अण्णा म्हणाले, "मोबाईलवर खालचा स्वर कुठं ऐकू येतोय? उद्या तुझा चांगला स्पीकर आण, मग बघू."

"आणतो की. पर पेटीबी आणा, अण्णा."

"तिचं काय काम?"

"त्यो शेवटचा स्वर तिच्यावर धरून बघू. भात्यावर किती टिकतोय ते."

अण्णा हो म्हणाले.