मोजणीवाला

माझी दुर्बीण तीन पायांवर उभी राहते, एवढाच काय तो माझा गुन्हा. गळ्यात लटकणारी असती तर लोकांनी 'पाखरंवाला दिसतोय' म्हणून सोडून दिलं असतं. पण ट्रायपॉडवर स्कोप चढवून, एक डोळा मिटून किनाऱ्याच्या रेषेत बघणारा माणूस कोकणात एकाच कामासाठी येतो, जमीन मोजायला. परवाच्या रविवारपासून एका अख्ख्या गावाचं माझ्याबद्दल हेच मत आहे.

गावाचं नाव सांगत नाही. दापोली आणि गुहागरच्या मधलं कुठलंही समजा. मागे एका किनाऱ्याचं नाव कौतुकानं चार जणांना सांगितलं होतं, तिथे आता केळ्याच्या आकाराच्या बोटीत बसून माणसं किंचाळत असतात.

तर, चैत्र. थंड देशांत वसंतात पक्षी येतात आणि लोक हरखून जातात. आपल्याकडे वसंतात ते जातात. चिखल्ये, टिलवे, कुरव असे सगळे हिवाळी पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेचा रस्ता धरतात. कुणी तिबेटच्या पठारावर, कुणी थेट सैबेरियाच्या वरच्या टोकाला. आम्ही हौशी मंडळी पहाटे उठून, झोपमोड करून जातो ती निरोप द्यायला. ज्यांना निरोप द्यायचा ते आमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पण जाताना ते नटतात, हा खरा मोह. चार महिने सगळे मातकट. पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी यांचा काडीचा संबंध नसतो. मग मार्च उजाडतो आणि चिखल्याच्या छातीवर विटकरी पट्टा उमटतो. कुरवांच्या पांढऱ्या डोक्यावर तपकिरी टोप चढायला लागतो, तोही अर्धामुर्धा, लग्नाला निघताना घाईत लावलेल्या कलपासारखा. शिवाय निघण्याआधी ते खातात. काही जाती तर वजन जवळजवळ दुप्पट करून घेतात, कारण पुढे वाटेत धाबा नाही. 2022 साली गॉडविट नावाच्या अशाच एका चिखलात चरणाऱ्या पक्ष्याचं पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि 11 दिवसांत 13,560 किलोमीटर उडून टास्मानियाला उतरलं. मध्ये कुठेही थांबलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चाललंय. त्या रस्त्यानं पनवेलपासून खाली आलेल्या माणसाला हा आकडा सांगू नये, तो रडतो.

रविवारी एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्याकडच्या दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशेब. अकराची पाऊणपट सव्वाआठ. भरतीचं पाणी चढलं की चिखलात पांगलेले पक्षी मागे सरकत सरकत कोरड्या वाळूवर गोळा होतात आणि आपल्याला आयते सापडतात. तसेच सापडले. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर. मोजून वहीत लिहिले. आणि त्या गर्दीत एका चिखल्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली. अशा पट्टीवर अक्षरं असतात. ती वाचता आली की हा जीव कुठे पकडला, कधी पकडला, कुठवर जाऊन आला, सगळं कळतं. पहिलं अक्षर 'के' होतं. दुसरं वाचणार, इतक्यात पक्ष्यानं पाय पोटात घेतला. मी श्वास रोखून पाय खाली येण्याची वाट बघू लागलो.

"साहेब, रेषा कुठून धरलीत?"

मागे एक काका उभे. धुवट बनियन, खांद्यावर पंचा, हातात सोललेलं शहाळं.

"कसली रेषा?"

काका समजूतदारपणे हसले. सरकारी माणूस पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर देत नसतो, हे त्यांना पाठ असावं.

"भरतीची वो. सीआरझेडची."

"मी पाखरं मोजतोय, काका."

"मोजताय ना? मग झालं तर." शहाळं माझ्या हातात आलं. "घ्या. उपासाला चालतं."

त्यानंतर काकांनी मला सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचा, जो कायदा सांगितला, तो एखाद्या वकिलानं फी घेऊन सांगितला नसता. 1991 चा आदेश, 2011 चा, 2019 चा. भरतीरेषेपासून दोनशे मीटर बांधकाम नाही. नव्या नियमात दाट वस्ती असेल तर पन्नास. "आणि दाट म्हंजे किती? चौरस किलोमीटरला 2161 च्या वर माणूस. आमच्या गावात म्हशी धरल्या तरी भरत नाय."

मग त्यांनी आपली शेड दाखवली. शेड नव्हे, मांडव. मांडवावर पत्रा होता, पण तो त्यांनी घातलेला नव्हता. 'निसर्ग' वादळात, म्हणजे 3 जून 2020 ला, तो कुठून तरी उडून आला आणि बरोबर त्या जागी बसला.

"आणि पत्र्याखाली खोल्या आहेत त्या?"

"पत्र्याला आधार नको?"

"खोल्यांना एसी आहे, काका."

"पत्रा तापतो वो."

याला उत्तर नाही. मी म्हटलं, तुम्हीच बघा स्कोपमधून, म्हणजे पटेल. काकांनी डोळा लावला. क्षणभर चिखल्या बघितला असावा, कारण "बारीक हाय" असं म्हणाले. मग दांडी धरून त्यांनी स्कोप सरळ डावीकडे फिरवला, शेजारच्या वाडीवर आणला आणि हर्षानं ओरडले, "भिंत बघा! साहेब, ह्याची भिंत बघा! सिमेंट दिसतंय सिमेंट! माझं काय घेऊन बसलात, ह्याचं मोजा आधी!"

पुढची पाच मिनिटं माझ्या स्कोपवर काकांचा ताबा होता. त्यांनी शेजाऱ्याची भिंत, भावाचं संडास आणि माजी सरपंचाचा गच्चीवरचा हॉल इतक्या बारकाईनं तपासला की त्यातल्या निम्म्या निष्ठेनं मी कधी पक्षी बघितले नाहीत. दरम्यान वाळूवर ठेवलेली माझी वही त्यांना दिसली. चिखल्ये 140. टिलवे 60. कुरव 210. सुरय 35. इतर 12.

काका गंभीर झाले. "हे आकडे फायनल?"

"आजचे फायनल."

"एकशे चाळीस... म्हंजे दोनशेच्या आत. गेला बिचारा. हा चिखल्ये कोण, वरच्या आळीतला काय? आणि ह्यो 210 वाला बाहेर पडला वाटतं." त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, माझं कुरवात धरा."

मी पुन्हा सगळं सांगितलं. पक्षी, तिबेट, सैबेरिया. काका मान डोलवत राहिले. त्या मान डोलवण्यात 'तुमची नोकरी आहे, तुम्हाला असंच बोलावं लागणार' एवढी सहानुभूती होती की मलाच स्वतःचा संशय यायला लागला.

तेवढ्यात चार चाकांची ती भसाभस धूर सोडणारी बाईक आली. वर काकांचा नातू, मागे पुण्याचं एक जोडपं आणि बाईकच्या मागे गावातली झाडून सगळी कुत्री. थवा उठला. सगळाच्या सगळा. विटकरी छात्या, तपकिरी टोप, 'के' आणि 'के'च्या पुढचं जे काही होतं ते, सगळं समुद्रावर एक गिरकी घेऊन खाडीपलीकडे गेलं. नातवानं वळून पुन्हा फेरी मारली, कारण जोडप्याला उडणाऱ्या पक्ष्यांचा व्हिडिओ नीट मिळाला नव्हता.

इथे मला विनोद सुचत नाही. त्या टिलव्याचं वजन ते किती, पंचवीसेक ग्रॅम. त्याला सैबेरिया गाठायचाय, आणि हे दिवस खाऊन चरबी साठवण्याचे. प्रत्येक फेरीला तो उठतो, साठवलेलं जाळतो, बसतो, पुन्हा उठतो. हेच सकाळ-संध्याकाळ, शनिवार-रविवार. या पट्ट्यात पत्र्याची शेड टाकायला माणूस घाबरतो, रेषा कुठून धरली हे परक्या माणसाला विचारतो, शहाळं देतो. बाईक फिरवायला कुणीच घाबरत नाही. पाण्याला लागून जे राहतात त्यांच्या बाजूनं भांडायला ना काका, ना शेजारी, ना ज्यानं मला अजून पाठवलेलंच नाही ते मोजणी खातं.

काकांना मी हे तावातावानं ऐकवलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. बाईक शेजाऱ्याच्या बाजूला फिरवायला सांगतो."

मी ट्रायपॉड घडी करत असताना नातवानं वहीच्या त्या पानाचा फोटो काढला. पहिल्या पानावर 'सापडल्यास कळवावे' म्हणून माझा नंबर आहे, त्याचाही काढला असणार. कारण सोमवारपासून फोन येतायत. एकानं टिलवे रद्द करायला काय लागेल असं विचारलं. एका बाईंनी सुरय पस्तीस कसे होतील, आमच्या घरापर्यंत चालत जाऊन बघा, म्हणून खडसावलं. आज दुपारी आलेला आवाज मात्र फार अदबीचा होता.

"साहेब, यादीत शेवटी 'इतर 12' लिहिलंय, त्यात आमचं नाव घातलंत काय?"