नायलॉनमध्ये न्यूयॉर्क नाही आणि लंडनही नाही

‘वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉनचा शोध न्यूयॉर्क आणि लंडन इथे एकाच वेळी लावला, म्हणून दोन्ही शहरांची अक्षरं जोडून त्यांनी हे नाव ठेवलं. या एका शोधावर ते कोट्यधीश झाले.’ सामान्यज्ञान म्हणून हा मजकूर पुन्हा फिरतोय. माणूस खरा, पदार्थ खरा; बाकी भेसळ.

आधी जागा. कॅरोथर्स हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ; १९२८ मध्ये हार्वर्डमधलं शिकवणं सोडून ड्यूपाँट या रसायन कंपनीत आले. प्रयोगशाळा होती डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टनला. १९३० मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये कांडी बुडवून वर ओढली, तर तार निघाली. गार झालेली ती तार ताणली, तर तुटायच्या ऐवजी आणखी चिवट झाली. पण हे पॉलिएस्टर फार कमी तापमानाला वितळायचं. त्याचं कापड करून इस्त्री कोण फिरवणार? मग गटाने पॉलिअमाइड ही लांब साखळीच्या रेणूंची दुसरी जात धरली. २८ फेब्रुवारी १९३५ ला हाती आलेल्या पदार्थाचे दोन्ही घटक सहा-सहा कार्बनचे. ‘नायलॉन ६,६’ मधले सहा ते हेच. यात लंडन कुठेच नाही.

आता नाव. स्त्रियांच्या पायमोज्यांची वीण उसवत जाते, त्याला इंग्रजीत ‘रन’ म्हणतात. म्हणून कंपनीत ‘नो-रन’ सुचलं. पण हे मोजेही उसवायचेच, मग खोटं कसं बोलणार? स्पेलिंग उलटं वाचलं: ‘न्यूरॉन’. हे तर मज्जातंतूंच्या टॉनिकसारखं वाटलं! त्याचं ‘निलॉन’ केलं, आणि उच्चारात घोळ नको म्हणून स्पेलिंगमधलं एक अक्षर (i च्या जागी y) बदलून ‘नायलॉन’. (जपान्यांना दिलेली शिवी त्यात दडली आहे, हीही एक लोणकढी थाप.) कंपनीने हे नाव जाहीर केलं ऑक्टोबर १९३८ मध्ये.

कॅरोथर्स तेव्हा हयातच नव्हते. वर्षानुवर्षं नैराश्याशी झुंजत २९ एप्रिल १९३७ ला त्यांनी आत्महत्या केली. एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. म्हणजे ‘नायलॉन’ हा शब्द त्यांनी ठेवणं सोडाच, ऐकलाही नसावा.

आणि कोटी? ते पगारी संशोधक. पेटंटवर नाव त्यांचं, हक्क कंपनीचा. तेही मिळालं सप्टेंबर १९३८ मध्ये. तोवर, त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेली त्यांची मुलगी जवळपास दहा महिन्यांची झाली होती.